उगाच एक फेरी मारून या

'अलीबाग से आया है क्या?' हा विनोद मुंबईत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या प्रत्येक अलिबागकराने एकदा तरी ऐकलेला असतो. एका अलिबागकराला तो इतका लागला की त्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिकाच दाखल केली. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. मला या सगळ्यात दुसरंच काही खटकतं. हा विनोद करणाऱ्याला अलिबाग माहीत नसतं, हे ठीक आहे. पण तो ऐकून घेणाऱ्यालाही ते फारसं माहीत नसतं. आपल्या समाजातल्या पोरांना तर त्याहून कमी.

आपल्या, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान पोरांना. घर, मशीद, शाळा, एस.टी. स्टँड, बाजारातली दोन-तीन ओळखीची दुकानं, मग पनवेल नाहीतर मुंबई, आणि मग दुबई, कुवेत, दोहा. हा आपला नकाशा. सुट्टीवर आलेला भाऊ दोहाच्या मेट्रोत गाडी कुठे बदलायची ते तोंडपाठ सांगतो. त्याला घरापासून तीन किलोमीटरवरच्या आळीबद्दल विचारलं तर म्हणतो, 'तिकडे आपलं कुणी नाही.'

या एका वाक्याबद्दल मला लिहायचं आहे. त्यावर मी जो उपाय सुचवणार आहे तो ऐकून काही जण हसतील. संध्याकाळी सायकल काढा आणि काही काम नसताना गावात फिरून या.

वेळ नाही, असं सांगू नका. अस्रची नमाज झाल्यावर मगरिबपर्यंत जो वेळ असतो त्याचं आपण काय करतो? नाक्यावर उभं राहून मोबाइल बघतो. कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपली अस्र हनफी भावांपेक्षा पाऊण-एक तास आधी होते, म्हणजे आपल्या वाट्याला संध्याकाळही तेवढीच लांब येते. हिवाळ्यात सव्वादोन तास, मे महिन्यात तीन तासांच्याही पुढे. अलिबाग केवढं? जनगणनेनुसार वस्ती वीस हजारांच्या आसपास. एवढ्या वेळात सगळं गाव दोनदा पालथं घालता येतं आणि वर एक चहाही होतो.

खरी अडचण वेळेची नाही, 'काम नसताना' या शब्दांची आहे. आपल्याकडे बाहेर पडायला कारण लागतं. घरात अम्मी विचारते, 'कुठे चाललास? उगाच भटकू नकोस.' तिच्या विचारण्यात काळजी असते आणि गेल्या काही वर्षांत ती काळजी वाढली आहे, हे मी नाकारत नाही. बाहेरचा माणूसही तेच विचारतो, फक्त त्याचा सूर वेगळा असतो: 'इकडे काय काम?' या दोन प्रश्नांच्या मध्ये सापडलेला मुलगा हळूहळू कामापुरताच बाहेर पडू लागतो. औषध आणायचंय, रिचार्ज मारायचाय, आधार अपडेट करायचंय. ज्या जागी आपण फक्त कामापुरते जातो ती जागा कितीही वर्षं राहिलो तरी आपली होत नाही. ती ऑफिससारखी होते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायकांना रस्त्यावर नुसतं रेंगाळायचा हक्क आहे का, हा त्याचा विषय. बाईला बाहेर दिसायचं असेल तर तिच्याकडे सांगण्यासारखं काम असावं लागतं, हे त्यांनी नेमकं पकडलं. शिवाय ज्यांच्यापासून बायकांना 'वाचवायचं' म्हणून रस्ता बंद केला जातो त्यांत गरीब आणि मुसलमान पुरुषही असतात, हेही त्यांनी लिहिलं. दोघांनाही एकाच दारातून बाहेर काढलं जातं. हे पुस्तक मुंबईचं असलं तरी आपल्या गावाला लागू पडतं.

तर सुरुवात समुद्रापासून करू. कुलाबा किल्ला आपल्या किनाऱ्यावरून रोज दिसतो, आणि रोज दिसतो म्हणूनच आपण तिथे जात नाही. ओहोटीला चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांचं मोठं ठाणं झाला. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही आहे. उत्तरेच्या अंगाला चाकाच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. लोक त्यांच्यावर हात ठेवून 'आंग्र्यांची तोफ' म्हणून फोटो काढतात. जवळ जाऊन वाचा. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव आणि १८४९ साल कोरलेलं आहे. आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केलं होतं.

किल्ल्यात कधी जाता येईल हे कसं कळणार? इथे माझ्यातला प्रोग्रामर खूश होतो. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब एका ओळीचा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि तिथून सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. मिनिटामिनिटाचा हिशेब नाही हा, पण फेरीला पुरतो. यासाठी ॲप लागत नाही, नेटवर्क लागत नाही.

तिथी माहीत नसेल तर मशिदीतल्या कॅलेंडरवर हिजरी तारीख बघा. चंद्र तोच आहे. ईदचा चंद्र साधारण शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, म्हणून हिजरी तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी होते. पंधराच्या पुढे गेलात तर पंधरा वजा करा. आठवत असेल, २०२२ मध्ये ३ मे रोजी आणि २०२३ मध्ये २२ एप्रिल रोजी, लागोपाठ दोन वर्षं, रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आल्या. टीव्हीवाल्यांनी त्याला 'योगायोग' म्हटलं आणि बंदोबस्ताच्या बातम्या दिल्या. दोन कॅलेंडरं एकाच चंद्रावर चालतात, एवढंच ते होतं. दर महिन्याच्या १३, १४, १५ तारखेला, अय्यामे बीझचे रोजे धरणारे आपल्यात अजून बरेच आहेत. त्या तीनही दिवशी पौर्णिमा जवळ असते, आणि संध्याकाळी अलिबागचा समुद्र किल्ल्याच्या दारापर्यंत मागे जातो. आमच्यातले काही जण खजूर बरोबर घेऊन त्या वेळी किनाऱ्यावर जातात. किल्ला सूर्यास्ताला बंद होतो, पाणीही थांबत नाही. तेव्हा आत रमू नका, इफ्तार किनाऱ्यावर करा.

किनाऱ्याजवळ भूचुंबकीय वेधशाळा आहे. अलिबागच्या पोरांना ती 'वेधशाळेचा स्टॉप' एवढीच माहीत. मुंबईच्या ट्राम घोड्यांवरून विजेवर जाणार हे ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय मापनात विजेमुळे गोंधळ होणार हे उघड होतं. म्हणून नानाभाई मूस या पारशी शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा झाली. बांधकामात लोखंड टाळलं. कुलाब्याची १८४१ पासूनची नोंद आणि तिला जोडून अलिबागची, अशी ही जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक आहे. आपल्या गावाने सव्वाशे वर्षं काय केलं असं कुणी विचारलं, तर पृथ्वीचा चुंबक मोजला, असंही सांगता येईल.

आता इस्राएल आळी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्यातली पोरं नेमकी इथेच पायडल जोरात मारतात.

अलिबागच्या ऐन वस्तीत 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग आहे. पहिली इमारत १८४८ ची, आत्ताची १९१० ची. इथले बेने इस्राएली सांगतात की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. नवगावला त्यांचं जुनं कब्रस्तान आहे. गावोगावी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं बघा: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. आडनावापुढे 'कर' लावणारे आपणही. मन्नत म्हणून ते एलियाहू नबीच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, फळं असा मलिदा करतात. मलिदा हा शब्द आपल्या घरातल्या कुठल्याही म्हातारीला समजावून सांगावा लागत नाही. अलिबाग-पेण रस्त्यावर खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हन्नबीच्या रथाच्या खुणा त्यावर आहेत अशी त्यांची श्रद्धा. हे एलियाहू म्हणजे आपले इलियास अलैहिस्सलाम. कुरआनात त्यांचं नाव आहे. हन्नबी आणि नबी या दोन शब्दांमधलं अंतर कानाने ऐकून घ्या.

गाझामध्ये २०२३ पासून जे चाललं आहे त्याने तुमच्यासारखाच माझाही जीव जळतो. त्याविरुद्ध बोललं पाहिजे आणि मी बोलतो. पण एका मित्राने या आळीतून जाताना तोंड फिरवलं, तेव्हा मला त्याचा राग आला. ही आळी म्हणजे ते सरकार नव्हे. चारशे किलोमीटरवर कुणी काही केलं की आपल्याला 'तुमच्या लोकांनी' म्हणून जाब विचारतात, तेव्हा आपण काय उत्तर देतो? तेच उत्तर या आळीलाही लागू आहे. १९४८ नंतर इथले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथे गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांना विचारलं, तुम्ही खरे ज्यू आहात का? लग्नाच्या वेळी पूर्वजांचे पुरावे मागितले. हे लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये कुठे त्यांची बरोबरी मान्य झाली. कागद मागितल्यावर पोटात काय होतं हे आपल्याला २०१९ च्या हिवाळ्यात कळलं. त्यांना ते आधी कळलं होतं. आणि एवढं होऊनही ते लोक इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढत राहिले.

दक्षिणेला खाडीचा पूल ओलांडला की पाच-सहा किलोमीटरवर अक्षी. इथे एक शिलालेख सापडला, शिलाहार राजा केसिदेवाचा. अनेक अभ्यासक त्याचं साल शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचतात. काही जण तो दोनशे वर्षं अलीकडचा मानतात. पहिलं वाचन खरं असेल तर हा मराठीतल्या सगळ्यांत जुन्या शिलालेखांपैकी एक ठरतो. वर्षानुवर्षं तो रस्त्याकडेला पडून होता. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे स्टेटस आपण सगळ्यांनी ठेवले. अक्षीला किती जण गेलो?

सुट्टीचा दिवस असेल तर तसंच पुढे जा. नागाव, मग चौल. वाड्यांमधून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळ. दमट वाऱ्याने शर्ट पाठीला चिकटतो, पण चढ नाही. चौलला रामेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी बघा, हमामखान्याचे अवशेष बघा, जुन्या मशिदीचा पडका भाग शोधा. शोधावाच लागतो, झाडीत आहे.

अरब लेखक हे बंदर 'सैमूर' म्हणून ओळखत. बगदादचा अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, इथे आला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे; शिवाय 'बयासिरा', म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेले. राजा शिलाहार वंशातला झंझ. मुसलमानांचे आपसातले व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. थोडं उत्तरेला, पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी येतो. मोहम्मद हे नाव संस्कृतात 'मधुमती' झालेलं आहे, आणि तो हिंदू मठाच्या दानाला मान्यता देतो.

या माहितीचं आपल्या व्याख्यानांत काय होतं ते मला माहीत आहे. शाल, श्रीफळ, 'मुसलमानांचे योगदान', टाळ्या, बिर्याणी. 'आम्ही अकराशे वर्षं इथे आहोत' हे वाक्य माइकवरून म्हटलं की छाती फुगते. मला ही भाषा आवडत नाही. अकराशे वर्षांचा दाखला ज्याला मागितला जातो तो आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो, आणि दाखला दाखवून आपण तो पिंजरा मान्य करतो. चौलच्या रस्त्याच्या कडेला सायकल लावून त्या पडक्या भिंतीकडे बघताना मला असं काही सिद्ध करावंसं वाटत नाही. तहान लागते, मी कोकम सरबत पितो.

शिवाय चौलचा सगळा इतिहास आपल्याला मिरवता येईल असा नाहीच. रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला घोडा होता. तो घेऊन तो जुन्नरला गेला तेव्हा तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि सांगितलं, मुसलमान हो, नाहीतर घोडाही गेला आणि वर हजार मोहरांचा दंड. मोहम्मद नावाच्या एका खुरासानी माणसाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. खानही मुसलमान, सोडवणाराही मुसलमान. दोघेही आपल्याच इतिहासात आहेत. निकितिनचं स्मारक रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात आहे. त्याच रेवदंड्यात पोर्तुगिजांचा कोट, आणि खाडीपलीकडे कोर्लईत अजून हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली भाषा घरात बोलतात. मुरूडचा जंजिरा मी मुद्दाम सोडतो आहे. ड्रोनने काढलेल्या आणि मागे रणसंगीत लावलेल्या जंजिऱ्याच्या रील्स दोन्ही बाजूंच्या पोरांनी पुरेशा बघितल्या आहेत.

उलट दिशेला किहीम. १९३० मध्ये सलीम अली जर्मनीहून शिकून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशाअभावी बंद झालेली होती. बायको तेहमिना हिच्याबरोबर ते किहीमच्या घरात राहायला आले, आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांसमोर तासन्‌तास बसून राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत राहते. मग तो घरटं पूर्ण करून दुसरं सुरू करतो आणि दुसरी मादी मिळवतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. हे त्यांनी इथे बसून शोधलं. बेकार झालेला माणूस किहीमला काही काम नसताना बसला होता, असं शेजारच्यांना नक्की वाटलं असणार. त्यांना मोटारसायकलींचंही वेड होतं. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या पक्षीशास्त्राच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली 'सनबीम' जहाजावर चढवली आणि युरोपात ती चालवत परिषदेला पोहोचले. हे गृहस्थ भारतापासून मोटारसायकलवर आले, अशी तिथे वावडी उठली. आज किहीमच्या रस्त्याला बंगल्यांच्या उंच भिंती आहेत. रो-रो बोटीने गाड्या मांडव्याला उतरू लागल्यापासून शनिवार-रविवारी तिथे सायकल नेण्यात अर्थ नाही. मंगळवारी जा. सुगरणी मंगळवारीही असतात.

भीतीबद्दल बोलल्याशिवाय हे सगळं लिहिणं लबाडीचं होईल. दाढी आहे, टोपी आहे, नाव विचारलं तर सांगावं लागतं. सगळीकडे 'या बसा' होणार नाही.

आमच्याकडे परक्या माणसाला विचारतात, 'कुणाकडे?' हा प्रश्न कोकणात सगळ्यांना विचारतात, त्यात जात-धर्म नसतो. दुपारच्या झोपेतून उठून पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी मला तो विचारला. मी म्हटलं, 'कुणाकडे नाही, उगाच.' त्यांना हे उत्तर कुठे ठेवावं ते कळेना. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी 'कुणाकडे' विचारलं नाही. आळीतली विहीर कुणी बुजवली आणि का, हे सांगायला सुरुवात केली, आणि मगरिब जवळ आली तरी थांबेनात. दुसऱ्या एका आळीत माझ्याच वयाच्या माणसाने नाव विचारलं, आडनाव विचारलं आणि म्हणाला, 'इकडे काय काम?' त्या दिवशी मी वाद घातला नाही, परत फिरलो. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी गेलो, त्या आळीत राहणाऱ्या शाळेतल्या मित्राला बरोबर घेऊन. हे शौर्य नाही. ज्या दिवशी गावात तणाव असेल त्या दिवशी जाऊ नका. एकटे जाऊ नका, दोघे जा, आणि त्यातला एक आपल्या मोहल्ल्यातला नसेल तर उत्तम. पण तणाव निवळल्यावर जा. तणावाच्या दिवसांत गाव कापलं जातं आणि नंतर ते आपोआप शिवलं जात नाही.

आणि पोरींचं काय? माझी धाकटी बहीण स्कूटरवरून कॉलेजला जाते, ट्यूशनला जाते, आजीला दवाखान्यात नेते. कुणाची हरकत नाही. पण संध्याकाळी नुसतीच बाहेर पडायची असेल तर ती हँडलला रिकामी पिशवी अडकवते. पिशवी दिसली की कुणी विचारत नाही. हे तिने मला सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. इथे अडवणारे बाहेरचे नाहीत, आपणच आहोत. बाहेरच्या नजरेबद्दल पानं भरून लिहिणारे आपल्यातले तरुण लेखक बहिणीच्या पिशवीबद्दल गप्प असतात. आपल्या फेऱ्यांना मुली येणार नसतील तर 'गाव सगळ्यांचं' हे निदान मोठ्याने म्हणू नये.

२०२४ मध्ये अलिबागचं नाव बदलून 'मायनाकनगरी' करावं अशी मागणी थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. मायनाक भंडारी हा शिवाजी महाराजांचा आरमारी अधिकारी. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांशी झुंजत त्याने खांदेरी टिकवली. त्याचं स्मारक व्हायला हवं, आणि मराठी मुसलमान म्हणून मी त्यासाठी वर्गणी देईन. पण ते अलीच्या नावावर का? हा अली कोण होता? एका सांगण्याप्रमाणे श्रीमंत मुसलमान, ज्याने इथे विहिरी खोदल्या आणि आंब्या-नारळाच्या बागा लावल्या. दुसऱ्या सांगण्याप्रमाणे तो बेने इस्राएली होता आणि त्याचं नाव एली. गावाचं नाव मुसलमानाचं की यहुद्याचं हे गावालाही नक्की सांगता येत नाही, आणि दोन-तीनशे वर्षं त्यावरून कुणाचं भांडण झालेलं नाही. त्याच्या नावावर लढाई नाही, किल्ला नाही. पाणी आणि झाडं आहेत.

नावं टिकवायची असतील तर ती आधी माहीत हवीत. मोबाइलमधल्या नकाशावर आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक रिसॉर्टची खूण आहे, पण पाखाडीचं, विहिरीचं, पाराचं, जुन्या कब्रस्तानाचं नाव नाही. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, त्यात कुणालाही मोफत भर घालता येते, मराठीतही. फेरीवरून आल्यावर मी पंधरा मिनिटं ते करतो. आजोबांनी सांगितलेली बुजलेली विहीरही टाकली आहे. लोकांची घरं आणि खासगी जागा टाकू नका, आणि नाव एका माणसाने सांगितलं तर दुसऱ्याला विचारून मगच लिहा. आळीआळीत एकाच जागेला दोन नावं निघतात. दोन्ही लिहायची सोय त्यात आहे.

सायकल नसेल तर भावाची स्कूटर चालेल, फक्त वीसच्या वर जाऊ नका. आळीतल्या कुत्र्यांनाही तो वेग मानवतो. चाकात हवा बघून घ्या, वाळूजवळच्या रस्त्यावर चेन लवकर गंजते, तिला तेल द्या. परत येताना दिवा लागतो, कारण अक्षीच्या पुलावर अंधार पटकन पडतो. येत्या चौदाव्या तारखेला, हिजरी, अस्रनंतर आम्ही सात-आठ जण किल्ल्याच्या बाजूने निघणार आहोत. बहीण येते आहे, पिशवी न घेता.